कानामागची लाज

मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस नगराच्या नैऋत्येस, तळ्यांच्या काठांनी आणि ओकच्या झाडीतून पसरलेल्या ईडन प्रेरी या गावाला त्याचे नाव एलिझाबेथ एलेट नावाच्या एका लेखिकेने १८५२ साली दिले, असे तेथील स्थानिक इतिहास सांगतो. पूर्वेकडून प्रवासाला आलेल्या त्या बाईला त्या गवताळ माळात नंदनवन दिसले आणि तिचा तो उद्गार पुढे सरकारी दप्तरात कायम झाला. आज तेथे सुमारे चौसष्ट हजार लोक राहतात, कारखान्यांची आणि कंपन्यांची मुख्यालये आहेत, आणि आपल्याकडील संगणकाच्या धंद्यातील मुलामुलींनी त्या माळावर अशी काही वस्ती केली आहे, की शनिवारी किराण्याच्या दुकानात पोह्यांच्या कप्प्यापाशी ‘जाडे की पातळ?’ हा प्रश्न शुद्ध मराठीत कानी पडावा.

गेल्या वर्षी आश्विनात मी तेथे गेलो तो माझ्या पुतणीच्या घरी, आणि गेलो तेव्हा या गावाविषयी काही लिहावे असा माझा मुळीच संकल्प नव्हता. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात दादा म्हणतात, त्यापूर्वी चार महिन्यांपासून लेकीकडे मुक्कामाला होते. वय अठ्ठ्याहत्तर, दृष्टी शाबूत, गुडघे बरे, आणि कान मात्र गेली दहा वर्षे हळूहळू रजेवर निघालेले. दुसऱ्याच सकाळी त्यांच्या दाढीच्या पिशवीत ब्लेड शोधताना माझ्या हाती एक निळी डबी लागली. अंगठीची असावी अशा समजुतीने उघडली, तो आत कापसाच्या घडीवर मातकट गुलाबी रंगाची दोन यंत्रे निजलेली होती. शेजारी सेलची पट्टी, तिच्यातील सहापैकी चार सेल जसेच्या तसे, त्यांच्या पाठीवरची तपकिरी चिकटपट्टीही न ओढलेली. पुण्यात चांगले पैसे मोजून घेतलेले ‘कानाचे मशीन’ दोन सेलांच्या आयुष्यापुरते, म्हणजे फार तर आठवडाभर चालले होते आणि तेव्हापासून ते दाढीच्या साबणाच्या शेजारी निवृत्तीचे दिवस कंठीत होते.

“दादा, हे लावत का नाहीस?” मी त्यांच्या उजव्या कानापाशी जाऊन विचारले.

“लावलं की म्हातारा दिसतो,” ते म्हणाले, “आणि लावलं तरी तुमची बडबड कळते थोडीच? अरे, ऐकू येतं, समजत नाही.”

या उत्तरात दोन तक्रारी आहेत, आणि त्या दोन भिन्न न्यायालयांत दाखल व्हावयास हव्यात. समजत नाही ही तक्रार यंत्राविरुद्ध आहे; ती तंत्रज्ञाने ऐकावी. म्हातारा दिसतो ही तक्रार मनाची आहे. तिचा निवाडा करणारे कोर्ट कोणते, हे मात्र त्या यंत्राच्या कारखानदारांनाही पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. वस्तू वापरताना माणसाच्या मनात काय काय होते याचा विचार करणाऱ्या विद्येला अलीकडे ‘यूजर एक्सपीरियन्स’ हे नाव मिळाले आहे आणि तिची चर्चा बहुधा मोबाइलच्या पडद्यापुरती होते. परंतु या विद्येची खरी कसोटी जर कोठे लागत असेल, तर ती माणसाच्या अंगावर, त्याच्या चेहऱ्यालगत बसणाऱ्या आणि त्याच्याविषयी चारचौघांत काही सांगणाऱ्या वस्तूंत लागते. आणि योगायोग असा, की जगातील अशा यंत्रांच्या मोठ्या कारखानदारांपैकी एकाचे मुख्यालय माझ्या पुतणीच्या गावातच, वॉशिंग्टन अव्हेन्यूवर होते. तेव्हा डबी मिटून ठेवण्याऐवजी तिचा पाठपुरावा करावा, असे मी ठरविले.

०

वार्धक्यातील बहिरेपणाचे एक विलक्षण वैशिष्ट्य असे, की ते ज्याला येते त्याला सर्वांत शेवटी कळते. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी जी नळी असते, तिच्या तोंडापाशी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसल पेशी असतात, आणि आयुष्यभराच्या आवाजाचा मारा सोसून त्याच प्रथम झिजतात. स्वर हे भाषेतले धष्टपुष्ट गृहस्थ. त्यांचा नाद खालच्या पट्टीत असल्यामुळे ते शाबूत पोहोचतात. स, श, फ, ख यांसारखी व्यंजने मात्र अंगाने किरकोळ आणि पट्टीने उंच, त्यामुळे ती वाटेतच गळतात. मग ‘सकाळी सहाला ये’ हे वाक्य ‘अकाळी अहाला ये’ होऊन कानी पडते. कोणी तरी बोलले हे निश्चित, काय बोलले हे अनिश्चित. डोळ्यांनी अक्षर पुसट दिसू लागले म्हणजे मनुष्य आपल्या डोळ्यांना दोष देतो, कारण छापणारा तोच असतो आणि अक्षरही तेच असते. परंतु शब्द पुसट ऐकू येऊ लागले म्हणजे तो बोलणाऱ्याला दोष देतो. “हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात” हे वाक्य मी दादांच्या तोंडून किती वर्षे ऐकत होतो, आणि ते रोगाचे पहिले लक्षण आहे हे आम्हां कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

त्यात समाजाचा न्यायही विषम. आंधळ्याविषयी आपल्याला कणव येते आणि बहिऱ्याचे हसू येते. आपल्या फार्सांत आणि वगांत बहिरा आला की प्रेक्षक आधीपासून सावरून बसतात, कारण आता ‘काय?’ आणि ‘कोण?’ यांची झोड उठणार हे त्यांना ठाऊक असते. ज्या व्यंगाला समाज हसतो, त्याची जाहिरात करणारी वस्तू मनुष्य स्वखुशीने कानावर का चढवील? अमेरिकेतील सत्तरी ओलांडलेल्या ज्या लोकांना श्रवणयंत्राचा उपयोग होईल, त्यांपैकी तिघांत एकानेही ते कधी वापरलेले नसते, असे तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्था सांगते. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे उपचाराची गरज पडावी इतका बहिरेपणा जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना आहे. श्रीमंत देशातही ही अवस्था असेल, तर अडचण केवळ पैशाची नाही हे उघड आहे. पैशाचीही आहेच, कारण वृद्धांसाठी असलेला तेथील मूळ सरकारी मेडिकेअर विमा श्रवणयंत्राचा खर्च देत नाही; परंतु पैसे भरून घेतलेली यंत्रेही जेव्हा कपाटात पडून राहतात, तेव्हा हिशेबाची वही मिटून मनाची उघडावी लागते.

०

ईडन प्रेरीतील त्या कंपनीचे नाव स्टार्की. विल्यम ऑस्टिन या गृहस्थाने १९६७ साली श्रवणयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान काढले आणि १९७० मध्ये कानाचे साचे घडविणारी स्टार्की नावाची एक लहानशी प्रयोगशाळा विकत घेतली. दुकानाचा कारखाना झाला आणि नाव मात्र विकत घेतलेल्या प्रयोगशाळेचेच चालू राहिले. दुरुस्तीच्या धंद्याने या माणसाला एक गोष्ट शिकविली असावी असे मला वाटते, ती ही, की दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूबरोबर तिचा मालकही येतो, आणि वस्तू का बिघडली यापेक्षा ती का वापरली जात नाही याचा उलगडा मालकाच्या चेहऱ्यावर अधिक होतो. प्रत्येक कानाचा स्वतंत्र साचा घेऊन त्या मापाचे यंत्र घडवावे, आणि गिऱ्हाइकाला ते काही दिवस वापरून पाहून परत करण्याची मुभा द्यावी, या गोष्टींचा त्या कंपनीने पहिल्या दशकातच अंगीकार केला. परतीची मुभा ही वरवर पाहता व्यापारी सवलत. वस्तुतः ती भीतीवरचा उतारा आहे, कारण जी वस्तू परत देता येते, ती घरी नेणे सोपे जाते.

या कंपनीचे नाव जगभर झाले ते १९८३ च्या सप्टेंबरात, जेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन उजव्या कानात तिचे यंत्र घालून प्रथम लोकांपुढे आले. तरुणपणी चित्रपटात काम करताना कानाजवळ पिस्तूल झाडले गेल्यामुळे त्यांचा कान अधू झाला होता. वृत्तपत्रांनी त्या यंत्राची छायाचित्रे छापली, आणि नंतरच्या महिन्यांत श्रवणयंत्रांची मागणी एकाएकी वाढली. अण्वस्त्रांची किल्ली ज्याच्या हाती, त्याला ऐकण्यासाठी यंत्र लागत असेल, तर आपल्याला लागले म्हणून काय बिघडले, हा विचार हजारो घरांत झाला असला पाहिजे. त्याच्या एकच महिना आधी, ९ ऑगस्ट १९८३ रोजी, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. एकीकडे एका माणसाच्या कानाने जे झाले, ते दुसरीकडे सरकारी ठरावाने, परीक्षणाने, अनुदानाने आणि प्रशिक्षणाने करावयाचे होते. दोन्ही मार्ग आवश्यकच.

परंतु रेगन यांच्या त्या उदाहरणाचा जो धडा लोकांनी घेतला, तो दुहेरी होता, आणि त्याच्या दुसऱ्या पदराकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पहिला पदर असा, की यंत्र वापरण्यात कमीपणा नाही. दुसरा असा, की चांगले यंत्र तेच, जे दिसत नाही. कारण त्या यंत्राच्या स्तुतीत सर्वांत पुढे होता तो त्याचा लहानपणा. कमीपणा नाही असे म्हणावयाचे आणि लगोलग ते लपवावयाचे, म्हणजे कमीपणा आहे असेच म्हणणे होय. तेव्हापासून या धंद्याने यंत्र लहान करण्याची जी शर्यत लावली, ती कानाच्या नळीत पार आत शिरेपर्यंत थांबली नाही; आणि ती शर्यत जिंकली गेली तेव्हा असे आढळून आले, की मसुराएवढा सेल बसविणे हे थरथरत्या बोटांचे काम नव्हे. लाज लपविण्यासाठी यंत्र लहान केले, आणि लहान यंत्राने म्हाताऱ्याच्या पदरी नवी लाज घातली: गालिच्यावर सांडलेला सेल नातवाकडून शोधून घेण्याची.

०

यंत्र लपवावे हा काही निसर्गनियम नव्हे. पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याला कमी ऐकू येत असे. गोव्याचा मुलूख त्या काळी याच्याच अमलाखाली होता. १८१९ साली लंडनच्या रेइन नावाच्या कारागिराने त्याच्यासाठी एक सिंहासन घडविले. हातांच्या टोकांना सिंहांची मुखे कोरलेली, ती उघडी; त्या मुखांतून शिरलेला आवाज आसनातील पोकळीतून फिरून एका नळीवाटे राजाच्या कानापर्यंत जाई. ज्याला दरखास्त करावयाची असेल, त्याने राजापुढे गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलावे, असा शिरस्ता पडला. काय ही युक्ती! व्यंग राजाचे, आणि गुडघे टेकणारा मात्र फिर्यादी. बहिरेपणा लपविण्याऐवजी त्यालाच दरबाराचा रिवाज करून टाकिला. त्या कारागिराला मानसशास्त्राचे पुस्तक वाचावयास मिळाले नव्हते, तरी मनुष्याला यंत्रात काय हवे असते हे त्याने नेमके ओळखले होते. ऐकू येणे हवे असतेच, पण त्याच्या आधी मान हवा असतो.

आणि आपल्या परंपरेचा तर कानाशी संबंधच अलंकाराचा. कर्णवेधाच्या संस्कारात सोनार तार घेऊन येतो, मूल रडते, तोंडात साखर पडते आणि आयुष्यभरासाठी कान दागिन्याचा हक्कदार होतो. बायकांच्या कुड्या, बुगड्या, वेल आणि झुबे. पुरुषांच्या कानाच्या वरच्या पाळीत रुतलेली भिकबाळी. कर्णाची जन्मजात कुंडले, जी त्याने कापून दान केली तरी त्याचे नाव त्यांना चिकटलेलेच राहिले: कानावर काही घालणे ही आपल्याकडे श्रीमंतीची, सौभाग्याची, पराक्रमाची खूण. त्याच कानावर विसाव्या शतकाने मातकट गुलाबी रंगाची एक वस्तू आणून बसविली आणि तिला ‘कातडीच्या रंगाची’ म्हटले. कोणाच्या कातडीच्या, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. दादांच्या गव्हाळ कानावर ती लपत तर नव्हतीच, उलट दुखण्यावर लावलेल्या चिकटपट्टीसारखी नजरेत भरत होती.

चष्म्याचे उदाहरण यापुढे ठेवून पाहावे. तोही एके काळी औषधी उपकरणच होता. आज डोळे उत्तम असणारी पोरे साधी काच घालून हौसेने मिरवतात. ग्रॅहॅम पुलिन या अभिकल्पकाने २००९ साली अपंगत्व आणि अभिकल्प यांवर लिहिलेल्या पुस्तकात नेमकी हीच तुलना केली आहे. आणि त्याआधी २००५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, श्रवणयंत्र दागिन्यासारखे, चष्म्यासारखे, मिरविण्याजोगे केले तर कसे दिसेल, याचे प्रदर्शन भरले होते. चष्मा नाकावर राजरोस बसला म्हणून सन्मान पावला, आणि श्रवणयंत्र लपले म्हणून लाजिरवाणे राहिले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

०

सुंदर वस्तू अधिक सोपी वाटते, ही गोष्ट आता केवळ रसिकांच्या मताची राहिलेली नाही. १९९५ साली जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा या संशोधकांनी बँकेतील पैसे देणाऱ्या यंत्राच्या पडद्याचे सव्वीस आराखडे अडीचशेंवर लोकांपुढे ठेवले, तेव्हा लोकांना जे आराखडे देखणे वाटले तेच त्यांनी वापरायला सोपे म्हणून सांगितले. वस्तुतः सोपेपणाशी त्या मताचा संबंध बराच क्षीण होता. इस्रायलमधील लोक असल्या रूपाला भुलणार नाहीत अशा अपेक्षेने ट्रॅक्टिन्स्की या संशोधकाने १९९७ मध्ये तोच प्रयोग तेथे केला, तो परिणाम उलट अधिकच ठळक आला. डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली भावनिक अभिकल्पावरच्या आपल्या पुस्तकात या साऱ्याची तीन पातळ्यांत मांडणी केली: पहिली पाहताक्षणी उमटणारी, दुसरी हाताळताना जाणवणारी, आणि तिसरी, वस्तू बाजूला ठेवल्यावर तिच्याविषयी आणि तिच्यामुळे स्वतःविषयी मनात राहणारी. दादांची डबी या तीनही पातळ्यांवर नापास झाली होती. पण पहिल्या दोहोंचा दोष दुरुस्त होण्याजोगा होता आणि तिसरीचा निवाडा त्यांनी आरशासमोर एका सकाळी कायमचा देऊन टाकिला होता.

या विद्येचा एक अस्सल नमुना मिनिआपोलिसमध्येच घडला. हनीवेल या तेथील कंपनीने १९५३ साली घरातील उष्णता राखणारे जे गोल यंत्र विक्रीस काढले, त्याचा अभिकल्प हेन्री ड्रायफस याचा. भिंतीवरचे चौकोनी यंत्र जरा तिरके बसले की रोज डोळ्यांना सलते. गोल यंत्राला तिरके बसताच येत नाही. वरचे झाकण निघत असे, म्हणजे ते भिंतीच्या रंगाचे करून घेता येई. घरमालकाच्या मनाला बारीकशी टोचणी लागू शकते हे ओळखून तिचे कारणच नाहीसे करणे, याहून शहाणा अभिकल्प कोणता?

परंतु मनाची किल्ली सापडली म्हणजे तिने कोणतेही कुलूप उघडता येते, आणि हेही याच परिसराने पाहिले आहे. ईडन प्रेरीच्या शेजारच्या एडायना गावी १९५६ च्या ऑक्टोबरात व्हिक्टर ग्रुएन या वास्तुशिल्पज्ञाने साउथडेल नावाचे बंदिस्त बाजारसंकुल उभारले. बाहेर मिनेसोटाचा हाडे गोठविणारा हिवाळा, आत बारमाही वसंत. त्याच्या मनात होता तो व्हिएन्नासारखा गाव-चौक, जेथे माणसे भेटतील, बसतील. पण आल्हाददायक हवेत, खिडकीवाचून, घड्याळावाचून भटकणारा मनुष्य कशासाठी आलो होतो हे विसरून भलतेच विकत घेऊ लागतो, या विस्मृतीलाच पुढे त्या बिचाऱ्याचे नाव मिळाले, आणि उतारवयात त्याने आपल्या नावाने चाललेल्या या वंशविस्ताराचे पितृत्व नाकारले. तेव्हा भावनेचा विचार केला एवढ्याने अभिकल्प सात्त्विक होत नाही. तो विचार कोणाच्या हितासाठी केला, हे विचारावे लागते.

०

पुतणीने एका श्रवणतज्ज्ञाची वेळ घेतली. दादा यायला तयार नव्हते. ‘पैसे पाण्यात’ हे त्यांचे मत होते आणि निळी डबी हा त्याचा पुरावा. तज्ज्ञ तरुण बाई होती. तिने पहिली गोष्ट केली ती अशी, की आपली खुर्ची संगणकाकडून वळवून दादांच्या समोर आणली आणि पुतणीला दादांच्या मागे बसविले. लेक पुढे बसली की बाप तिच्याकडे पाहून उत्तरे देतो, हे तिला अनुभवाने ठाऊक असावे. मग कोणतेही यंत्र न दाखविता तिने विचारले, की तुम्हांला नेमके कोठे ऐकायचे आहे?

पुतणीने प्रश्न मराठीत सांगितला. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रात्री जेवताना. सगळे हसतात तेव्हा मी उशिरा हसतो.”

हे वाक्य माझ्या भावाने अठ्ठ्याहत्तर वर्षांत प्रथमच उच्चारले असेल. पुण्यातील दुकानात त्याला कानाची चाचणी मिळाली, यंत्र मिळाले, पावती मिळाली, पण हा प्रश्न मिळाला नव्हता.

कानात दोरा बांधलेला फोमचा बोळा आत सारून तिने गुलाबी लगदा भरला. पाचएक मिनिटांनी तो घट्ट झाल्यावर बाहेर काढला, तेव्हा दादांनी आपल्याच कानाच्या आतला तो वळणदार ठसा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “हा माझा?” त्यांनी विचारले. हाताच्या ठशाप्रमाणे कानाचाही ठसा एकासारखा दुसऱ्याचा नसतो हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो बारीकसा अभिमान दिसला, तो डबीतल्या त्या दुकानी यंत्राने त्यांना कधी दिला नव्हता.

मग रंगांचा पट्टा आला: गुलाबी, करडा, तपकिरी, काळा, चंदेरी, लाल. पुतणी म्हणाली, “बाबा, करडा घ्या, केसांत दिसणारही नाही.” दादांनी बोट ठेवले ते लालवर. आम्ही चकित झालो. त्यांनी दिलेले कारण माझ्या साऱ्या वाचनापेक्षा मोलाचे होते: “दुकानात ती पोरगी काहीतरी विचारते, मला कळत नाही, मी पुढे चालू लागतो. माणसं मला उद्धट समजतात. त्यापेक्षा बहिरा समजलेली बरी.”

लपविलेले यंत्र बहिरेपणा लपवीत नाही, ते फक्त त्याचे नाव बदलते. कोणी त्याला गर्व म्हणते, कोणी विक्षिप्तपणा, कोणी म्हातारचळ. यंत्र दिसले की बोलणारा समोर येतो, ओठ दिसतील असे बोलतो, ओरडत नाही. म्हणजे श्रवणयंत्राचा अर्धा परिणाम घालणाऱ्याच्या कानात होतो आणि उरलेला समोरच्याच्या वागणुकीत, आणि लहानपणाच्या शर्यतीने हा उरलेला अर्धा भाग स्वखुशीने फेकून दिला होता.

०

आठ दिवसांनी यंत्रे आली: मुख्य भाग कानामागे, आणि केसाएवढी तार नळीत. कानामागून आली नि तिखट झाली, ही म्हण त्या संध्याकाळी दादांनी स्वतःच उच्चारली, कारण पहिला अनुभव तिखटच होता. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. वर्तमानपत्राचे पान उलटले की पत्रा वाजल्यासारखे. मोटारीच्या दिव्याची टिकटिक, चमच्याचा ताटलीवरचा आघात. “हा फ्रिज रोज असाच ओरडतो?” त्यांनी विचारले, आणि दहा वर्षांत मेंदूने विसरलेले आवाज एकेक करून हजेरी लावू लागले. म्हणूनच तज्ज्ञ बाईने आवाज मुद्दाम गरजेपेक्षा कमी ठेवला होता आणि तो काही आठवड्यांत पायरीपायरीने चढवावयाचा होता. लोणच्याप्रमाणे श्रवणही मुरावे लागते, हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितले नाही म्हणजे मनुष्य पहिल्याच आठवड्यात बरणी फेकून देतो.

सारेच सुखाचे झाले असे मात्र नाही. यंत्राबरोबर फोनमध्ये जे अॅप घालावे लागले, त्याने दादांना आधी खाते, मग परवलीचा शब्द, मग त्यात एक मोठे अक्षर आणि एक चिन्ह मागितले. सेल उतरला की एक अमेरिकन बाई इंग्रजीत कानात काही पुटपुटे आणि दादा दचकून मागे पाहत. भाषा बदलण्याची सोय होती, पण जगातील कितीतरी भाषांच्या त्या यादीत मराठी नव्हती. रात्री यंत्रे भारित होण्यासाठी डबीत ठेवून तिचे झाकण लावणे ही क्रिया मात्र त्यांना मनापासून आवडली. “देवांची शेजारती झाली” असे म्हणून ते दिवा मालवीत.

स्टार्कीने २०१८ च्या ऑगस्टमध्ये काढलेल्या यंत्रात पावले मोजण्याची, भाषांतराची आणि पुढे वापरणारा पडला तर मुलांना संदेश धाडण्याची सोय आली, आणि तेव्हापासून या धंद्यात कान हे शरीराचे पहारेचौकीचे ठिकाण झाले आहे. हे ऐकून दादा म्हणाले, “म्हणजे माझ्याच कानात बसून माझीच चुगली.” आपल्याकडे कान फुंकणे हा शब्दप्रयोग दुसऱ्याच्या कानाविषयी होता, आता स्वतःचाच कान दुसऱ्याला फुंकू लागला. वस्तुतः पडण्याची भीती खरी, लेकीची काळजी खरी, आणि बापाचा खासगीपणा खरा. या तिहींची तजवीज यंत्रात एक बटण वाढवून होत नाही, ते बटण कोणाच्या संमतीने लावावयाचे यावर ती अवलंबून आहे. आमच्या घरी ते बंद राहिले.

या दरम्यान जगही थांबलेले नाही. अमेरिकेत १७ ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य आणि मध्यम बहिरेपणासाठीची यंत्रे डॉक्टरी चिठ्ठीवाचून दुकानात मिळू लागली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात ॲपलच्या गाणी ऐकावयाच्या इअरबड्सना श्रवणयंत्राचे काम करण्याची परवानगी मिळाली. कायद्याने आणि किमतीने जे घडेल ते घडेल. परंतु मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते, की आज रस्त्यावरच्या प्रत्येक तरुणाच्या कानात काहीतरी आहेच, आणि त्यामुळे कानात काहीतरी असणे ही म्हाताऱ्याची खूण उरलेली नाही. अभिकल्पकांना सत्तर वर्षांत जमले नाही ते गाण्यांनी नकळत केले.

०

मी परतण्याच्या आदल्या शनिवारी तेथील मराठी मंडळींनी दिवाळीचा फराळ एका शाळेच्या सभागृहात ठेवला होता. चारशे माणसांचा गलबला, टाळ्या, मुलांची धावपळ, ध्वनिक्षेपकाची शिट्टी. श्रवणयंत्राला याहून कठीण परीक्षा नाही. दादांच्या दोन्ही कानांमागे लाल यंत्रे होती, आणि डाव्या कानाच्या वरच्या पाळीत, लग्नानंतर बहुधा प्रथमच, भिकबाळी होती. लेकीकडे येताना ती त्यांनी का आणली होती हे मी विचारले नाही. लोक येत, कानाकडे एकवार पाहत, आणि समोर येऊन, जरा सावकाश, बोलत. एका गृहस्थाने तर ते कोठून घेतले हे आपल्या वडिलांसाठी विचारले आणि पत्ता लिहून घेतला.

जेवताना आमच्या टेबलावर एकाने एक विनोद सांगितला. विनोद जुना होता आणि सांगणाऱ्याने तो आणखी जुना केला. तरी रीतीप्रमाणे सगळे हसले, मीही हसलो. दादा चिरोटा मोडीत शांत बसले होते. पुतणी घाबरी होऊन त्यांच्याकडे वाकली, सेल तर उतरला नसेल या काळजीने.

“बाबा, ऐकू नाही आलं का?”

“आलं ना,” दादा म्हणाले, “म्हणून तर हसलो नाही.”